शिल्लक स्मृतीचा सदुपयोग : एक छोटा इतिहास

माळ्यावर वाणसामान भरपूर असावे, पण वर चढायला शिडीच नसावी, अशी काहीशी अवस्था एके काळी घरगुती संगणकाची होती. ती कशी पालटली, हे जाणून घेतले तर आजच्या संगणकाविषयीचा एक गैरसमजही दूर होतो.

संगणकात माहिती दोन ठिकाणी राहते. हार्ड डिस्कवरचे लिखाण वीज गेली तरी टिकते, पण ते काढून आणायला वेळ लागतो. दुसरी जागा रॅम, म्हणजे चालू कामाची स्मृती. ती अनेक पटींनी जलद असते. मात्र वीज गेली की पाटी कोरी. या जलद जागेतला जो भाग चालू कामाला लागत नाही, त्याचे काय करावे, हा आपला प्रश्न.

1981 साली आयबीएमने आपला पीसी बाजारात आणला. त्यातील 8088 हा प्रोसेसर 1 मेगाबाइट स्मृतीपर्यंतच पोचू शके. त्यातले 640 किलोबाइट प्रोग्रामसाठी; उरलेले 384 पडदा आणि यंत्राच्या अंतर्गत गरजांसाठी राखीव. 1984 च्या पीसी एटीमध्ये 80286 आला आणि ही मर्यादा 16 मेगाबाइटवर गेली. परंतु डॉस जुन्याच मापाने चालत राहिले. पैसे मोजून वाढवलेली स्मृती नेहमीच्या प्रोग्रामला मिळेना. शिडी नसलेला माळा तो हाच!

मग तोडगे निघाले. 1985 साली लोटस, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून एक पद्धत ठरवली. 64 किलोबाइटची एक खिडकी राखून तिच्यातून पलीकडची स्मृती तुकड्यातुकड्याने वापरायची. दुसरा तोडगा रॅमडिस्कचा : रिकाम्या स्मृतीलाच डिस्क मानायचे आणि फाइली तिथे ठेवायच्या. वेग थक्क करणारा, पण वीज गेली की सारे गेले. आपल्याकडच्या भारनियमनात हा सौदा किती महागात पडेल, हे वेगळे सांगायला नको.

तिसरा तोडगा अधिक शहाणपणाचा ठरला. नुकतेच वापरलेले पुन्हा लागण्याचा संभव जास्त, म्हणून त्याची प्रत हाताशी ठेवावी, हे त्यामागचे तत्त्व. केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी 1965 च्या एका निबंधात छोट्या जलद स्मृतीची अशी योजना मांडली होती. त्याच तत्त्वावर डिस्कवरून एकदा वाचलेले रिकाम्या रॅममध्ये धरून ठेवण्याची सोय स्मार्टड्राइव्ह या प्रोग्रामने डॉसला मिळाली.

पण इथेही एक मेख होती. 1993 च्या एमएस-डॉस 6 मध्ये स्मार्टड्राइव्ह लिखाणही थोडा वेळ रॅममध्ये अडवून ठेवी. काम संपले असे पडद्यावर दिसे, प्रत्यक्षात ते डिस्कवर उतरलेले नसे. तेवढ्यात बटण बंद केले की मजकूर गमावण्याची पाळी. त्याच वर्षी आलेल्या 6.2 मध्ये हे लिखाण आधी डिस्कवर उतरावे आणि मगच प्रॉम्प्ट परत दिसावा, अशी सुधारणा झाली. वेगापेक्षा विश्वास मोठा, हे कंपनीलाही पटले म्हणायचे.

विंडोज 95 पासून ही राखीव जागा गरजेप्रमाणे आपोआप वाढू-आकसू लागली. लिनक्सनेही रिकामी रॅम फाइलींच्या प्रतींसाठी वापरण्याचेच धोरण ठेवले. 2007 च्या विंडोज व्हिस्टाने तर आपण नेहमी काय उघडतो ते हेरून ते आधीच रॅममध्ये आणून ठेवायला सुरुवात केली.

गैरसमज इथेच झाला. रॅम भरलेली दिसताच अनेकांना वाटले, यंत्र बिघडले. आजही ‘स्मृती साफ’ करणारे प्रोग्राम त्या भीतीवरच खपतात. वास्तविक रॅममध्ये राखलेल्या या प्रती नवे काम येताच बाजूला सरकतात. त्या मुद्दाम पुसल्या, तर तीच माहिती पुन्हा डिस्कवरून आणावी लागते. चालू कामालाच रॅम अपुरी पडून संगणक सतत डिस्ककडे धाव घेऊ लागला आणि मंदावला, तरच काही प्रोग्राम बंद करावेत किंवा रॅम वाढवावी.

बाकी मोकळ्या स्मृतीचा हिशेब यंत्रावर सोपवावा. आपल्या हाती एकच गोष्ट उरते : लिहिलेले वेळेवर जतन करणे, आणि संगणक नेहमी रीतसर बंद करणे.