नाम एक, गीते अनेक : 'वंदे मातरम्' या शीर्षकाच्या ध्वनिमुद्रणांचा ऐतिहासिक विचार

प्रास्ताविक

बी.बी.सी. वर्ल्ड सर्व्हिसने २००२ साली आपल्या सत्तराव्या वर्धापनाच्या निमित्ताने जगभरातील श्रोत्यांकडून त्यांच्या आवडत्या गाण्याविषयी मते मागविली. अंतिम दहा गाण्यांच्या यादीत पहिल्या स्थानी वुल्फ टोन्स या आयरिश गायकवृंदाचे 'अ नेशन वन्स अगेन' होते आणि दुसऱ्या स्थानी 'वंदे मातरम्'. इतर गाण्यांपुढे त्या त्या कलावंताचे नाव होते. 'वंदे मातरम्'पुढे मात्र 'विविध कलावंत' एवढीच नोंद होती. पुढे या घटनेचा उल्लेख करताना हे गाणे १९५२ सालच्या 'आनंदमठ' या हिंदी चित्रपटातील होय, असे वारंवार लिहिले गेले. तथापि, मत देणाऱ्यांपैकी अनेकांच्या कानी अवघ्या पाच वर्षांपूर्वी निघालेला ए. आर. रहमान यांचा त्याच नावाचा अल्बम असणे अगदी शक्य आहे. कोणाच्या कानी आकाशवाणीवरील प्रातःकालीन देस असेल, कोणाच्या कानी शाळेतील प्रार्थना. श्रोत्यांनी नाव सांगितले होते. गाणे कोणते, हे त्या नावावरून ठरत नाही.

ध्वनिमुद्रित संगीताच्या इतिहासलेखनात शीर्षक हा सर्वात सुलभ आणि म्हणूनच सर्वात फसवा पुरावा आहे, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. एकाच शीर्षकाची अनेक गीते व अल्बम जगभर आढळतात. त्यांपैकी 'वंदे मातरम्' हे उदाहरण निवडण्याचे कारण असे की, येथे शीर्षकाची गल्लत केवळ ग्रंथालयातील सूचीपुरती मर्यादित राहत नाही. कोणाच्या श्रमाची नोंद इतिहासात राहते आणि कोणाची पुसली जाते, हा प्रश्न तिच्याशी निगडित आहे.

शीर्षकाची मालकी

कायद्याच्या दृष्टीने शीर्षक कोणाच्याच मालकीचे नसते. कृषिका लुल्ला विरुद्ध श्याम विठ्ठलराव देवकट्टा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली, केवळ शीर्षकाला लेखाधिकाराचे संरक्षण मिळत नाही, असा निर्वाळा दिला. तो वाद 'देसी बॉईज' या चित्रपटाच्या नावाविषयी होता, परंतु तत्त्व गीतांनाही लागू पडते. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात यामुळे दोन प्रकार रूढ झालेले दिसतात. बीटल्सचे 'लेट इट बी' हे गाणे व त्याच नावाचा अल्बम दोन्ही १९७० सालचे. येथे अल्बमने आपल्याच पोटातील गाण्याचे नाव घेतले. १९८४ साली द रिप्लेसमेंट्स या अमेरिकन गायकवृंदाने आपल्या अल्बमला हेच नाव दिले, आणि त्यात त्या नावाचे गाणेच नाही. पहिल्या प्रकारात नाव वारशाने येते. दुसऱ्यात ते उचलून घेतले जाते, आणि उचलण्यात थोडा खोडसाळपणाही असतो.

'वंदे मातरम्'चा प्रवास या दोन्ही प्रकारांत बसत नाही. तेथे नाव उसने घेणाऱ्याच्या मनात खोडकरपणा नव्हता, भक्तिभाव होता. भक्तिभावाने घेतलेल्या नावाची छाननी मात्र कोणी करीत नाही.

संहितेपासून चालीपर्यंत

बंकिमचंद्र चट्टोपाध्याय यांनी १८७० च्या दशकात रचलेले हे गीत १८८२ साली पुस्तकरूपाने आलेल्या 'आनंदमठ' या कादंबरीत समाविष्ट झाले. कादंबरीत मल्हार राग व कव्वाली ताल यांचा निर्देश आहे. म्हणजे मुळात गीताला एक चाल अभिप्रेत होती. परंतु ती चाल टिकली नाही. १८९६ च्या कलकत्ता काँग्रेस अधिवेशनात रवींद्रनाथ ठाकुरांनी ते स्वतः गायिले. त्यांची देस रागातील चाल पुढे सर्वाधिक परिचित झाली. हेमेंद्रमोहन बोस यांनी रवींद्रनाथांच्याच आवाजात त्याचे ध्वनिमुद्रणही केले.

१९०५ च्या वंगभंगानंतर हे दोन शब्द गीतापासून सुटे झाले आणि घोषणा बनले. १९०६ साली बिपिनचंद्र पाल यांनी कलकत्त्यात याच नावाचे इंग्रजी वृत्तपत्र सुरू केले. १९०७ साली मादाम कामा यांनी स्टुटगार्ट येथे फडकविलेल्या ध्वजावर हेच शब्द होते, आणि १९२० साली लाला लजपतराय यांनी लाहोरात काढलेल्या उर्दू दैनिकाचेही हेच नाव होते. नाव गीताहून मोठे झाले ते या काळात. त्यानंतर जो कोणी ते नाव घेई, त्याला या सर्व पूर्वपुण्याईचा लाभ आपोआप मिळे.

महाराष्ट्रातील गायकांचे कार्य या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर काँग्रेस अधिवेशनांत हे गीत गात. १९२३ च्या काकीनाडा अधिवेशनात अध्यक्ष मौलाना मोहम्मद अली यांनी आक्षेप घेतला असतानाही पंडितजींनी गायन थांबविले नाही, हा प्रसंग सर्वश्रुत आहे. पुढे 'संत तुकाराम' (१९३६) या प्रभातपटामुळे घराघरांत पोहोचलेले विष्णुपंत पागनीस यांनी सारंग रागात हे गीत ध्वनिमुद्रित केले व त्यात कडव्यांचा क्रमही बदलला. तिमिरबरन यांनी दुर्गा रागात संचलनाच्या लयीची रचना केली. १५ ऑगस्ट १९४७ च्या सकाळी पं. ओंकारनाथ ठाकूर यांनी आकाशवाणीवरून ते संपूर्ण गायिले. मल्हार, देस, सारंग, दुर्गा : शब्द तेच, पण श्रोत्याच्या अनुभवाच्या दृष्टीने या चार भिन्न कृती आहेत. तबकडीच्या लेबलावर मात्र शीर्षक एकच.

येथे तांत्रिक मर्यादेचाही विचार अगत्याचा ठरतो. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचे गायन मावत असे. ठाय लयीत, आलापासह हे गीत गाणाऱ्याला काही कडवी सोडणे किंवा लय वाढविणे याखेरीज पर्याय नव्हता. ऑक्टोबर १९३७ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीने सभांमध्ये पहिली दोनच कडवी गावीत असा ठराव केला, आणि त्या ठरावावरील वाद अजूनही शमलेला नाही. त्या वादात तबकडीचा उल्लेख सहसा येत नाही. राजकारणाने गीत आखडते घेण्यापूर्वीच यंत्राने गायकांना त्या दिशेने ढकलले असावे, असे माझे अनुमान आहे. शीर्षकावर विसंबणाऱ्या सूचीतून अशा अनुमानाची तपासणी होऊ शकत नाही, कारण किती कडवी गायिली याची नोंद तीत नसते.

मास्तर कृष्णरावांची चाल

शीर्षकामुळे झालेल्या विस्मृतीचे ठळक उदाहरण म्हणजे मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर (१८९८–१९७४). भास्करबुवा बखल्यांचे शिष्य, गंधर्व नाटक मंडळीचे आणि पुढे 'प्रभात'चे संगीतकार म्हणून त्यांचे स्थान निर्विवाद आहे. 'वंदे मातरम्' राष्ट्रगीत व्हावे यासाठी त्यांनी केलेल्या खटपटीची नोंद आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळते.

२५ ऑगस्ट १९४८ रोजी पंतप्रधान नेहरूंनी संविधान सभेत जे निवेदन केले, त्याचा रोख शब्दांपेक्षा चालीवर होता. १९४७ साली न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या वेळी भारतीय प्रतिनिधींकडे राष्ट्रगीताची विचारणा झाली, तेव्हा 'जन गण मन'ची तबकडी उपलब्ध होती. तेथील वाद्यवृंदाने तिच्यावरून केलेले वादन पसंत पडले. 'वंदे मातरम्' हे राष्ट्राचे श्रेष्ठ गीत राहीलच, परंतु परदेशी वाद्यवृंदांना वाजविता येण्याजोगी चाल 'जन गण मन'ची आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

हा आक्षेप संगीतकाराला उद्देशून होता, आणि कृष्णरावांनी त्याला संगीतानेच उत्तर दिले. झिंझोटी रागाच्या आधाराने, समूहाला सहज गाता येईल व बँडवर वाजविता येईल अशी चाल त्यांनी सिद्ध केली, मुंबईच्या पोलीस बँडच्या साहाय्याने तिची पाश्चात्त्य पद्धतीची स्वरलेखी करवून घेतली आणि दिल्लीत संविधान सभेच्या सदस्यांसमोर तिचे प्रात्यक्षिकही दाखविले. २४ जानेवारी १९५० रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी 'जन गण मन' हे राष्ट्रगीत आणि 'वंदे मातरम्'ला समान सन्मान, असे घोषित केले. घोषणेत चालीचा प्रश्न उरला नव्हता. समान सन्मान मिळाला तो शब्दांना. कृष्णरावांनी ज्या मुद्द्यावर काही वर्षे खर्च केली, तो मुद्दाच निकालात निघाला. आज 'वंदे मातरम्' म्हटले की त्यांची झिंझोटी आठवणारा श्रोता विरळा.

गमतीची गोष्ट अशी की, शब्द आणि चाल यांतील हा भेद कायद्याने स्पष्ट ओळखला आहे. १८९४ साली निवर्तलेल्या बंकिमचंद्रांचे शब्द आता सर्वांचे आहेत. चाल मात्र स्वतंत्र संगीतकृती असून तिचे हक्क सर्वसाधारण नियमानुसार रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतात. न्यायालय जो भेद मानते, तो आपल्या सूचीकाराने का मानू नये?

चित्रपट आणि अल्बम

चित्रपटांविषयी थोडक्यात. १९३९ साली बी. एन. रेड्डी यांचा तेलुगू 'वंदे मातरम्' आला. त्याचा विषय हुंडा व बेकारी यांसारखे सामाजिक प्रश्न हा होता. १९४८ साली राम गबाले दिग्दर्शित मराठी 'वंदे मातरम्' पडद्यावर आला, ज्यात पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांच्या भूमिका होत्या. त्यातील ग. दि. माडगूळकर–सुधीर फडके यांचे गाजलेले गीत बंकिमचंद्रांचे नव्हे. केवळ ते दोन शब्द त्यात धृवपदासारखे येतात. उलट १९५२ च्या 'आनंदमठ'मध्ये हेमंतकुमारांनी मूळ शब्दांनाच नवी, त्वेषाची चाल दिली व लता मंगेशकरांनी ती गायिली. एका बाबतीत शीर्षक तेच पण गीत निराळे, दुसऱ्या बाबतीत शब्द तेच पण चाल निराळी. दोन्ही नोंदी सूचीत शेजारी-शेजारी बसतात.

स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त ऑगस्ट १९९७ मध्ये सोनी म्युझिकने प्रकाशित केलेला रहमान यांचा अल्बम या परंपरेतील सर्वात गुंतागुंतीचा टप्पा होय. अल्बमचे नाव 'वंदे मातरम्'. त्यातील सर्वाधिक लोकप्रिय गाणे 'माँ तुझे सलाम', ज्याचे हिंदी शब्द मेहबूब यांचे. त्याच चालीचे तमिळ रूप वैरमुत्तू यांच्या शब्दांत आहे. बंकिमचंद्रांचे शब्द येतात ते 'रिव्हायव्हल' या तिसऱ्याच नावाच्या गाण्यात. 'गुरूज ऑफ पीस'मध्ये पाकिस्तानचे नुसरत फतेह अली खान गातात. अल्बम निघाला त्याच महिन्यात, १६ ऑगस्ट रोजी, त्यांचे निधन झाले.

'रहमानचे वंदे मातरम् लावा' असे स्नेहसंमेलनात विद्यार्थी म्हणतात, तेव्हा त्यांना 'माँ तुझे सलाम' हवे असते. याला अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल. अल्बमचे नाव आणि गाण्यातील घोष एकच असल्याने श्रोत्याने गाण्याला अल्बमचे नाव दिले, एवढेच. शिवाय 'माँ तुझे सलाम'ने एक गोष्ट साधली जी आधीच्या कोणत्याही ध्वनिमुद्रणाला साधली नव्हती. १९२३ पासून वादाचा विषय झालेल्या शब्दांच्या शेजारी तिने 'सलाम' हा शब्द ठेवला, आणि तोही एका मुस्लिम संगीतकाराच्या आवाजात. काही समीक्षकांना अल्बममधील ध्वनीची भव्यता जाहिरातीसारखी वाटली. तो आक्षेप पूर्णपणे अनाठायी नाही. परंतु कडव्यांच्या संख्येवर साठ वर्षे अडलेल्या चर्चेला या अल्बमने कडवी न मोजताच बगल दिली, हे इतिहासकाराने नोंदविले पाहिजे.

सब्यसाची भट्टाचार्य यांनी २००३ साली इंग्रजीत या गीताचे 'चरित्र' लिहिले. त्या ग्रंथाचे मुख्य नावही 'वंदे मातरम्'च आहे, हा योगायोग सूचीकाराच्या अडचणीत भर घालणारा! हे नाव घेतले जातच राहिले. 'कभी खुशी कभी गम' (२००१) व 'एबीसीडी २' (२०१५) या चित्रपटांच्या गीतसंचांत या शीर्षकाची गाणी आहेत. ७ नोव्हेंबर २०२५ पासून गीताच्या दीडशेव्या वर्षाचे कार्यक्रम सुरू झाले, त्या निमित्ताने महाविद्यालयांतून ध्वनिमुद्रणे जमविण्याचे उपक्रम हाती घेणाऱ्यांनी प्रत्येक नोंदीत निदान शब्दकार, चालीचा कर्ता, राग, गायिलेली कडवी, गायक, प्रकाशक आणि वर्ष एवढे तपशील स्वतंत्र रकान्यांत लिहावेत. १९९७ च्या अल्बमची नोंद करताना शब्दकाराच्या रकान्यात एक नाव पुरणार नाही. मास्तर कृष्णरावांच्या तबकडीची नोंद करताना शब्दकाराचा रकाना चटकन भरेल. दुसऱ्या रकान्यात झिंझोटीपुढे त्यांचे नाव लिहिण्यासाठी मात्र तबकडी प्रत्यक्ष ऐकावी लागेल.