नातेवाईकांनी बाहेर थांबावे

मुलांच्या वॉर्डात सकाळी मोठे डॉक्टर राउंडला यायची वेळ झाली की एक वाक्य हमखास कानी पडते : "चला, नातेवाईकांनी बाहेर थांबा." मावशी म्हणतात, सिस्टर म्हणतात, आणि आया पदर सावरत निमूट व्हरांड्यात जातात. हे वाक्य आले कुठून, याचा माग काढताना मला त्यामागे दीडशे वर्षांचा इतिहास सापडला. आईला रुग्णालयाच्या दारातून लेकराच्या खाटेपर्यंत पोहोचायला शंभरावर वर्षे लागली. खाटेजवळच्या बोलण्यात तिला जागा मिळण्याचे काम अजून अर्धेच झाले आहे.

मुलांसाठी वेगळे रुग्णालय ही कल्पना तशी अलीकडची. पॅरिसमध्ये असे रुग्णालय १८०२ मध्ये निघाले. लंडनमध्ये डॉ. चार्ल्स वेस्ट यांनी १८५२ मध्ये ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवर अवघ्या दहा खाटांनी सुरुवात केली. त्याच्या मदतीसाठी चार्ल्स डिकन्स यांनी १८५८ मध्ये जाहीर वाचन करून पैसा उभा केला. त्या काळी गोवर, घटसर्प, स्कार्लेट ताप यांवर खात्रीचा इलाज नव्हता. बाहेरून येणाऱ्या माणसाबरोबर साथ वॉर्डात शिरण्याची धास्ती खरी होती. भेटीवरच्या बंधनांना असा सबळ आधार होता.

पण त्याला आणखी एक कारण चिकटले. आई भेटून गेली की मूल आकांत करते, सगळा वॉर्ड विस्कटतो. भेट नसली की दोन-चार दिवसांत गप्प होते. या गप्प होण्याला परिचारिका आणि डॉक्टर 'रुळले' असे म्हणू लागले. पुढे प्रतिजैविके आली, संसर्गाची धास्ती ओसरली, तरी नियम टिकला, तो या समजुतीच्या बळावर. १९४९ मध्ये लंडनमधल्या रुग्णालयांच्या भेटीच्या वेळा पाहा. गाइज रुग्णालयात फक्त रविवारी दुपारी २ ते ४. सेंट थॉमसमध्ये पहिला महिनाभर भेट नाही. संध्याकाळी मूल झोपल्यावर लांबून पाहता येई, तेवढेच. लंडन हॉस्पिटलमध्ये तीन वर्षांखालच्या मुलाला फक्त आडोशापलीकडून पाहायचे.

याला अपवाद होते. न्यूकॅसलच्या बाल-रुग्णालयात डॉ. जेम्स स्पेन्स १९२०च्या दशकापासून आयांना बाळाबरोबर राहू देत आणि बाळाची शुश्रूषा त्यांच्याच हाती सोपवत. पण जुनी समजूत हलवली ती जेम्स रॉबर्टसन या स्कॉटिश माणसाने. तो डॉक्टर नव्हता. युद्धकाळात अ‍ॅना फ्रॉइड यांच्या बालगृहात तो बॉयलर सांभाळायला होता. १९४८ पासून लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये जॉन बोल्बी यांच्या हाताखाली तो रुग्णालयातली मुले न्याहाळू लागला. त्याला तीन टप्पे दिसले : आधी आक्रोश, मग निराशा, आणि शेवटी अलिप्तता. ज्याला वॉर्ड 'रुळले' म्हणत होता, ते मूल आशा सोडून बसले होते.

तोंडी सांगून कोणी ऐकेना, म्हणून त्याने १९५२ मध्ये हातातल्या साध्या कॅमेऱ्याने मूकपट केला : आठ दिवसांसाठी दाखल झालेली अडीच वर्षांची लॉरा. सोयीचे प्रसंग निवडल्याचा आरोप नको म्हणून चित्रणाच्या वेळा आधीच ठरवल्या होत्या. लॉरा फारशी रडतही नाही. ओठ घट्ट मिटून टेडी कवटाळून बसते, आणि आई आली की तोंड फिरवते. रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये हा पट दाखवला तेव्हा अनेक डॉक्टर संतापले. त्यांतले डॉ. डरमॉड मॅकार्थी मात्र परत गेल्यावर आपल्याच वॉर्डाकडे नव्या नजरेने पाहू लागले. आयांना मुलांबरोबर राहू देणाऱ्या त्यांच्या वॉर्डावरच रॉबर्टसनने १९५८ मध्ये दुसरा पट केला.

१९५९ मध्ये सर हॅरी प्लॅट यांच्या समितीने सरकारला अहवाल दिला : भेटीवर बंधन नको, लहान मुलांच्या आयांना सोबत राहण्याची सोय हवी. अहवाल कागदावरच राहणार असे दिसताच १९६१ मध्ये लंडनच्या बॅटरसी भागातल्या आयांनी संघटना बांधून रुग्णालयांचा पाठपुरावा सुरू केला. तेव्हा कुठे दारे हळूहळू उघडली.

आई खाटेपाशी आली, पण राउंड डॉक्टरांचाच राहिला. चर्चा त्यांच्या भाषेत. आई समोर असली तरी श्रोता. याची किंमत काय, हे २००१ मध्ये अमेरिकेत दिसले. दीड वर्षाची जोसी किंग भाजल्यामुळे जॉन्स हॉपकिन्स या नामांकित रुग्णालयात होती आणि सुधारत होती. पोर पाण्यासाठी वखवखली आहे, तिचे काहीतरी बिनसले आहे, हे आई सॉरेल सांगत राहिली. शरीरातले पाणी घटत गेले, त्यात गुंगीचे औषध दिले गेले, आणि मूल दगावले. आईवडिलांनी भरपाईच्या पैशातून रुग्णसुरक्षेचे काम उभारले.

२००३ मध्ये अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने कुटुंबासमोर, खोलीतच राउंड घेण्याची शिफारस केली. २०१८ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या सात रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पालक, परिचारिका आणि डॉक्टर यांनी मिळून राउंडची नवी रीत बसवली होती. आधी पालकांनी बोलायचे, परिचारिकेने भर घालायची, बेत सोप्या भाषेत सांगायचा, समजलेले पालकांकडून वदवून घ्यायचे आणि लिहून द्यायचे. एकूण चुकांचे प्रमाण बदलले नाही, पण मुलांना इजा करणाऱ्या चुका सुमारे ३८ टक्क्यांनी घटल्या. राउंडचा वेळही वाढला नाही. मला यामागचे कारण साधे वाटते. पाळी संपली की डॉक्टर बदलतात, परिचारिका बदलतात. आई तीच असते.

आपल्याकडे गाडी उलट्या वाटेने आली. मुंबईत वाडिया बाल-रुग्णालय १९२९ पासून आहे, जिल्ह्याजिल्ह्यांत मुलांचे वॉर्ड आहेत, आणि आईला खाटेपासून दूर ठेवणे मनुष्यबळाअभावी आपल्याला परवडणारेच नव्हते. कपाळावर पट्ट्या ठेवणे, भरवणे, औषध आणणे, रात्री सलाईनकडे लक्ष ठेवणे, हे सारे तीच करते. चोवीस तास निरीक्षण करणारी ही बाई नेमकी निर्णयाच्या दहा मिनिटांना व्हरांड्यात असते.

अडचणी खऱ्या आहेत. एका हॉलमध्ये पंचवीस खाटा. एकाचे दुखणे दुसऱ्याच्या कानी जाते. गडचिरोलीत आईची भाषा माडिया, नंदुरबारमध्ये भिली, आणि केसपेपर इंग्रजीत. पण दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयाने आजारी नवजातांच्या कक्षात आईबापांना शिकवून काळजीत सामील केले, आणि २०१७ मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या. संसर्गाला सर्वाधिक जपावे लागते त्या कक्षात हे जमत असेल, तर साध्या वॉर्डात का जमू नये? सगळ्या आयांना एकदम आत ठेवायला नको. ज्या खाटेपाशी राउंड आला, तिथल्या आईला तेवढा वेळ बोलवावे आणि तिच्या भाषेत आधी तिलाच विचारावे, "कालपासून बाळात काय फरक वाटतोय?" यासाठी यंत्र लागत नाही, निधी लागत नाही. उत्तर ऐकून केसपेपरवर लिहिले, तर पुढच्या पाळीच्या डॉक्टरलाही ते कळेल.