शंभर डॉलरचा हॅम्बर्गर : विमानाने न्याहारीला जाण्याची अमेरिकी रीत

‘शंभर डॉलरचा हॅम्बर्गर’ हा अमेरिकेतील हौशी वैमानिकांच्या बोलीतला रूढ शब्दप्रयोग आहे. छोटे विमान घेऊन तासाभराच्या अंतरावरील एखाद्या लहान विमानतळावर उतरायचे, धावपट्टीलगतच्या उपाहारगृहात पोटभर खायचे आणि परतायचे, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडील ‘चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला’ ही म्हण येथे शब्दशः लागू पडते. जॉन पर्नर यांनी अशा उपाहारगृहांची मार्गदर्शिका याच नावाने काढली. शंभराचा आकडा मात्र आता जुना झाला आहे. सेसना १७२ हे चार आसनी विमान ताशी साधारण आठ ते नऊ गॅलन इंधन जाळते आणि इंधन धरून त्याचे तासाचे भाडे अनेक ठिकाणी दीडशे डॉलरच्या पुढे गेले आहे. जाण्यायेण्याचे दोन तास धरले, तर बर्गर येण्याआधीच तीनशे डॉलर खर्ची पडलेले असतात.

ही रीत अमेरिकेतच रुजली, याचे मुख्य कारण जमिनीवर आहे. या देशात सार्वजनिक वापराचे सुमारे ५,००० विमानतळ आहेत आणि नियमित प्रवासी विमाने त्यांपैकी जेमतेम दहाव्या हिश्शावर उतरतात. उरलेल्या बहुतेक ठिकाणी नियंत्रण मनोराही नसतो. वैमानिक सामायिक रेडिओ लहरीवर आपापली जागा सांगत, एकमेकांना सांभाळून उतरतात. दुसरे कारण नियमांत आहे. प्रवासी सोबत न्यायचा, तर आधीच्या ९० दिवसांत तीन उड्डाणे आणि तीन अवतरणे झालेली असावी लागतात. पुढे ‘इन्स्ट्रुमेंट रेटिंग’ मिळवायचे, तर ५० नॉटिकल मैलांहून दूरच्या विमानतळावर उतरलेल्या प्रवासांचेच तास हिशेबात येतात. थोडक्यात, उडायचे असतेच. मग निदान चांगले खायला मिळेल तिथे जावे, हा साधा व्यवहार. सिंहगड चढून पिठलं-भाकरी खाणाऱ्यांना तो समजावून सांगण्याची गरज नाही.

या परंपरेत कॅलिफोर्नियाचे स्थान मोठे आहे. व्हॅकाव्हिलमधील ‘नट ट्री’ हे १९२१ साली सुरू झालेले रस्त्याकाठचे उपाहारगृह. पॉवर कुटुंबाने १९५५ मध्ये शेजारीच धावपट्टी बांधली आणि विमानाने येणाऱ्या पाहुण्यांसाठी छोटी आगगाडीही ठेवली. उपाहारगृह १९९६ मध्ये बंद पडले, विमानतळ मात्र त्याच नावाने चालू आहे. खाण्यासाठी बांधलेली धावपट्टी खाणावळीहून अधिक टिकली, असा हा विरळा प्रकार. कोलिंगाजवळच्या ‘हॅरिस रँच’ची पट्टी सुमारे २,८०० फूट लांब, पण रुंदीला अवघी ३० फूट आहे, स्टेकची ओढ कितीही असली, तरी आडव्या वाऱ्यात तेथे उतरणे नवशिक्याचे काम नव्हे.

सर्वांत नाव आहे ते सांता कॅटालिना बेटावरील ‘एअरपोर्ट इन द स्काय’चे. समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० फूट उंचीवर, डोंगरमाथा सपाट करून ही सुमारे ३,००० फुटांची धावपट्टी तयार केली आहे. तिचा पहिला भाग चढणीचा असल्याने उतरताना पट्टीचे दुसरे टोक दिसत नाही. पट्टी संपत आली, असे वाटून घाबरून ब्रेक दाबणाऱ्यांची येथे कमतरता नाही. २०१९ मध्ये मरीन आणि नौदलाच्या सीबीज तुकड्यांनी ती काँक्रीटची केली. येथली खासियत बायसनच्या मांसाचा बर्गर. बायसन मूळचे या बेटावरचे नव्हेत. १९२४ साली चित्रपटाच्या निमित्ताने ते आणले गेले आणि तेथेच राहिले.

बे एरियातल्या मराठी मंडळींना सर्वांत जवळचे ठिकाण हाफ मून बे. धावपट्टी ५,००० फुटांची आणि तेथून पायी जाता येईल अशा अंतरावर पिलर पॉइंट बंदर, म्हणजे मोसमात ताजे खेकडे. अडचण एकच, धुके. गेल्या उन्हाळ्यात एका वैमानिक मित्राबरोबर मी निघालो होतो. डोंगररांग ओलांडताच खाली समुद्राऐवजी पांढरी गादी दिसली. मित्राकडे इन्स्ट्रुमेंट रेटिंग नव्हते. त्याने एका शब्दानेही चर्चा न करता विमान वळवले आणि आम्ही सनीव्हेलला येऊन डोसा खाल्ला. अशा सहलींतला खरा धोका येथेच असतो. टेबल राखलेले, पाहुणे मागे बसलेले आणि ‘आलोच आहोत तर’ ही वृत्ती. दृश्य नियमांनुसार उडणारा वैमानिक ढगात शिरला, की वर-खालीचे भान फार लवकर हरपते.

मित्रांच्या विमानात बसणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. खासगी परवाना असलेला वैमानिक मोबदला घेऊ शकत नाही. इंधन, तेल, विमानतळ शुल्क आणि भाडे यांत त्याला निदान आपला समान वाटा उचलावाच लागतो. चौघे असतील आणि खर्च २०० डॉलर झाला असेल, तर त्याचे ५० सुटत नाहीत. शिवाय त्या ठिकाणी जाण्याचे त्याचे स्वतःचेही कारण असावे लागते; मंडळाच्या व्हॉट्सअॅप समूहावर जागा जाहीर करणे त्यामुळे अंगाशी येऊ शकते. दुसरी गोष्ट वजनाची. चार आसने म्हणजे चार माणसे नव्हेत. सेसना १७२ च्या भरल्या टाक्यांतील इंधनच सुमारे ३१८ पौंड भरते. त्यानंतर धडधाकट तिघांपुरतीच सोय उरते. वजन विचारले म्हणून रुसू नये.

स्वतः शिकू इच्छिणाऱ्यांसाठी किमान वय १७ आणि किमान उड्डाण ४० तास. प्रत्यक्षात बहुतेकांना साठ-सत्तर लागतात. अमेरिकी नागरिकत्व नसलेल्यांना, ग्रीन कार्डधारकांसह, प्रशिक्षणाआधी वाहतूक सुरक्षा प्रशासनाची मंजुरी घ्यावी लागते. आयुर्विम्याच्या अर्जात खासगी वैमानिकीविषयीचा प्रश्न बहुधा असतोच. तो कोरा सोडू नये.

जे.आर.डी. टाटा यांना १९२९ मध्ये भारतातला पहिला वैमानिक परवाना मुंबईत मिळाला, तरी तिकडे ही रीत रुजली नाही. लहान उड्डाणालाही उड्डाण आराखडा आणि हवाई संरक्षण मंजुरी लागत असेल, तर न्याहारी थंडच व्हायची.

निघण्यापूर्वी उपाहारगृहाला फोन करावा. यांतील बरीचशी दुपारी दोन-तीनलाच बंद होतात आणि काही सोमवारी उघडतच नाहीत. गोमांस न खाणाऱ्यांना ऑम्लेट आणि पाय बहुतेक ठिकाणी मिळतो.