इचलकरंजीची ‘मीरा’

सोलापूरप्रमाणेच इचलकरंजी हेही मागांच्या खडखडाटावर जगणारे गाव. तेथील शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ मध्ये स्वतःच्या हिकमतीवर एका छोट्या मोटारीचा पहिला नमुना घडवला. अभियांत्रिकीची पदवी त्यांच्या गाठीशी नव्हती.

पुढे पंचवीसेक वर्षे ते एकामागून एक सुधारित नमुने तयार करत राहिले. ‘मीरा’ नावाची ही गाडी सुमारे १२ हजार रुपयांत मध्यमवर्गीयांना मिळावी, हा त्यांचा संकल्प होता.

परंतु १९५१ च्या उद्योग कायद्यानुसार मोटारींच्या उत्पादनास केंद्र सरकारचा परवाना अनिवार्य होता. एक गाडी कौशल्यावर उभी राहते. हजार गाड्यांना परवाना आणि भांडवल लागते. मीरा बाजारात पोहोचलीच नाही.

सुझुकीच्या साहाय्याने सरकारी कारखान्यातून ‘मारुती ८००’ रस्त्यावर आली ती डिसेंबर १९८३ मध्ये, इचलकरंजीतील त्या पहिल्या नमुन्यानंतर ३४ वर्षांनी.