मानसिक आजाराच्या गोळ्या : काम कसे करतात, दुष्परिणाम कोणते, उन्हाळ्यात काय जपावे?

कोणी बोलत नसताना आवाज ऐकू येणे, घरचेच जेवणात काहीतरी घालतात असा पक्का संशय येणे, रात्र रात्र जागणे अशी लक्षणे स्किझोफ्रेनिया किंवा तीव्र उन्मादात (मॅनिया) दिसतात. त्यांवर दिल्या जाणाऱ्या औषधांना अँटीसायकोटिक म्हणतात. ‘आता बरे आहे’ किंवा ‘गोळ्यांनी सुस्ती येते’ म्हणून घरीच ती बंद केली जातात आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आजार उलटतो. दुष्परिणाम वेळीच ओळखून डॉक्टरांना सांगितले, तर बहुतेकांवर उपाय करता येतो.

औषध काय करते?

मेंदूतील पेशी रसायनांमार्फत एकमेकींना निरोप देतात. डोपामिन हे त्यांपैकी एक. मेंदूच्या काही भागांत त्याचे काम वाढले की साध्या गोष्टींनाही भलताच अर्थ चिकटतो. रस्त्यावरचा माणूस हसला, तर तो आपल्यालाच हसला असे वाटते. औषध डोपामिनचा हा जोर कमी करते.

असे पहिले औषध, क्लोरप्रोमाझिन, १९५२ मध्ये वापरात आले. हॅलोपेरिडॉल हेही जुन्या पिढीतले. रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, क्वेटियापिन, अ‍ॅरिपिप्राझोल ही नंतरची. झोप आणि चिडचिड काही दिवसांत सुधारते. आवाज आणि संशय कमी व्हायला काही आठवडे लागतात. या गोळ्यांची नशा येत नाही, चटकही लागत नाही. आजार पहिल्यांदाच झाला असेल तरी बरे वाटल्यावर साधारण एक ते दोन वर्षे औषध चालू ठेवावे लागते.

नेहमी दिसणारे दुष्परिणाम

शरीराच्या हालचालींनाही डोपामिन लागते. म्हणून काही त्रास तिथे दिसतात.

- मान वाकडी होणे, डोळे वर चढणे, जीभ ओढली जाणे : बहुधा पहिल्या काही दिवसांत होते. पाहणारे घाबरतात, बाहेरची बाधा समजतात. ही बाधा नव्हे. दवाखान्यात इंजेक्शन दिल्यावर थोड्याच वेळात उतरते.
- हात थरथरणे, अंग ताठरणे : डोस कमी करून किंवा जोडीला दुसरी गोळी देऊन आराम पडतो.
- एका जागी बसवत नाही, सारख्या येरझारा : घरच्यांना आजार वाढल्यासारखे वाटते, पण कारण औषधही असू शकते. डॉक्टरांना लगेच सांगा.
- भूक आणि वजन वाढणे : विशेषतः ओलान्झापिन व क्लोझापिनने. साखर आणि चरबीही वाढू शकते. दर महिन्याला वजन करा, सांगितल्याप्रमाणे रक्त तपासा.
- पाळी अनियमित होणे, स्तनांतून दूध येणे, लैंगिक इच्छा कमी होणे : रिस्पेरिडोनने होऊ शकते. लाजेपोटी लपवू नका. पाळी थांबली तर गर्भधारणेची तपासणीही करा.
- तोंड किंवा जिभेची आपोआप हालचाल : दीर्घकाळ औषध घेतल्यावर होऊ शकते. जितक्या लवकर सांगाल तितके बरे.

इतर औषधांनी गुण आला नाही, तर क्लोझापिन देतात. त्यात रक्तातील पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून ठरावीक रक्ततपासणी चुकवू नका. ताप किंवा घसादुखी झाली, तर त्याच दिवशी दाखवा. बद्धकोष्ठताही अंगावर काढू नका.

वर्ध्याचा उन्हाळा

एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. या औषधांमुळे शरीराचे तापमान सांभाळण्याची क्षमता कमी होते. थरथरीसाठी दिलेल्या गोळीने घामही कमी येतो. म्हणून दुपारी शेतात किंवा बांधकामावर जाणे टाळा. तहान नसली तरी पाणी प्या, डोक्याला दुपट्टा बांधा. सोबत लिथियम चालू असेल, तर अंगातले पाणी कमी होऊ देणे धोक्याचे आहे. उन्हाळा आहे म्हणून गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.

ताबडतोब रुग्णालय गाठा

खूप ताप, अंग लाकडासारखे ताठ, भान हरपणे ही औषधाची क्वचित होणारी पण जीवघेणी गुंतागुंत असू शकते. उष्माघातही असाच दिसतो. दोन्हींत घरी थांबू नका. १०८ ला फोन करा आणि चालू औषधांची चिठ्ठी सोबत न्या. ती दाखवल्याशिवाय डॉक्टरांना हा फरक कळणे अवघड.

घरच्यांसाठी

गोळी नकोशी झाली असेल, तर कारण विचारा. जेवणात लपवून देऊ नका. कळल्यावर संशय आणखी वाढतो. रोज गोळी घेणे जमत नसेल, तर काही औषधांची दोन ते चार आठवड्यांनी घ्यायची इंजेक्शने मिळतात. सेवाग्राम आणि सावंगी (मेघे) येथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. रात्री-अपरात्री सल्ला हवा असेल, तर टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलता येते. डोस कमी करणे, औषध बदलणे किंवा थांबवणे हे ज्यांनी ते सुरू केले त्यांना विचारूनच करा.