दांतांची छाया आणि तिचें मोल

अडलेली अक्कलदाढ काढावयास गेलेला मनुष्य आज एका यंत्रापुढें क्षणभर स्थिर राहतो. क्ष-किरणांचा शंकूच्या आकाराचा झोत त्याच्या डोक्याभोंवतीं फेरी घेतो, शेंकडों छायाचित्रें निघतात, आणि संगणक त्यांची जुळणी करून सारा जबडा लांबी, रुंदी व खोली या तिन्ही अंगांनीं समोर उभा करतो. हें सुख कोणत्या मोलानें लाभलें, तें पाहूं.

१८९५ च्या नोव्हेंबरांत जर्मनींतील वुर्झबुर्ग येथें राँटजेन यांस क्ष-किरणांचा शोध लागला. लागलीच १८९६ च्या जानेवारींत ब्राउनश्वाइगचे दंतवैद्य ओटो वाल्कहोफ काळ्या कागदांत गुंडाळलेली कांच तोंडांत धरून २५ मिनिटें निश्चळ राहिले, तेव्हां दांतांचें अंधुक चित्र उमटलें. त्याच वर्षीं अमेरिकेंतील न्यू ऑर्लिन्सचे एडमंड केल्स यांनीं ही विद्या आपल्या दवाखान्यांत आणिली. नळीचा जोर जोखण्यासाठीं ते वारंवार आपलाच हात किरणांपुढें धरीत. त्या हातास कर्करोग झाला. बोटें गेलीं, मग हातही गेला. अखेर वेदना असह्य होऊन १९२८ सालीं त्यांनीं आपली जीवनयात्रा स्वतःच संपविली.

एवढें मोल देऊनही मिळाली ती केवळ छाया. सपाट चित्रांत पुढचें व मागचें एकमेकांवर पडतें. दाढेचें मूळ जबड्यांतील मज्जातंतूस खेटून आहे कीं नुसतें त्याच्या पुढें दिसतें, हें त्यावरून निश्चित कळत नसे. आणि त्या तंतूस इजा झाली तर ओठ बधिर होतो. १९७१ सालीं इंग्लंडांत हाउन्सफील्ड यांच्या यंत्रानें शस्त्र न लावतां रुग्णाच्या मेंदूचे छेद चित्ररूपानें दाखविले, तेव्हां खोली पाहण्याची वाट मोकळी झाली. परंतु तें यंत्र अवाढव्य. दांतांपुरतें निराळें, आटोपशीर यंत्र त्या शतकाच्या अखेरीस इटलींत व जपानांत सिद्ध झालें.

आतां भय सरलें काय? नाहीं. या यंत्रांतील किरणांची मात्रा रुग्णालयांतील मोठ्या यंत्राहून बहुधा कमी असली, तरी एका दांताच्या साध्या चित्राहून ती अधिकच. म्हणून साध्या चित्रानें भागत असतां, केवळ कुतूहलापोटीं किंवा यंत्राची किंमत वसूल व्हावी म्हणून, रुग्णास, विशेषतः बालकास, त्यापुढें बसविणें आम्हांस अक्षम्य वाटतें. केल्स यांनीं प्रथम हात पुढें केला, तेव्हां त्यांस धोका ठाऊक नव्हता. आमच्यापाशीं ती सबब उरलेली नाहीं.