सातबारा चारचौघांत

महसूल खात्यात मी तलाठी म्हणून लागलो आणि मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. ‘आता सातबारा घरबसल्या निघतो’ असं कुणी कौतुकाने सांगितलं की मी मान डोलावतो. लोकांची सोय झाली, यात वाद नाही. पण महाभूलेखच्या पोर्टलचा खरा लाभ लोकांपेक्षा खात्याला जास्त झाला, असं माझं ठाम मत आहे. आपलं दप्तर किती ठिकाणी चुकलंय, हे खात्याला कळायला शंभर वर्षांच्या तपासण्या पुरल्या नव्हत्या. लोक मोबाइलवर आपापला उतारा उघडून बघायला लागले आणि ते कळलं.

जमिनीची नोंद ज्याची त्याला दिसली पाहिजे, हे काही आजचं शहाणपण नाही. पेशवाई बुडाल्यावर पुण्याचा असिस्टंट कलेक्टर प्रिंगल याने १८२७-२८ च्या सुमारास दख्खनमध्ये मोजणी सुरू केली. लागवडीचा खर्च वजा जाता शेतात जे उरेल त्याच्या ५५ टक्के सारा, असा त्याचा हिशेब. कागदावर तो फार बारीक होता. प्रत्यक्षात मोजणीत चुका आणि लाचखोरी, सारा जड, आणि रयत जमिनी टाकून निघालेली. शेतकऱ्याला त्या हिशेबातलं काही कळत नव्हतं, म्हणून त्याला त्यातली चूकही दाखवता येत नव्हती.

मग १८३६ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने बंदोबस्त बसवला. त्यातून जी मुंबई पद्धत घडली ती अजून आमच्या हाडांत मुरलेली आहे. साखळी ३३ फुटांची, तिचे भाग १६ आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. प्रत्येक शेताला नंबर, हद्दीवर दगड, आणि सारा ३० वर्षांसाठी कायम. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही बांधावरचा दगड दिसत होता. कुणी तो सरकवला तर सकाळी गावभर बोभाटा व्हायचा. ही पद्धत टिकली त्याचं निम्मं श्रेय मी त्या दगडाला देतो.

पण दगड फक्त हद्द सांगतो. त्या जमिनीवर कर्ज कुणाचं, कसतो कोण, विकली कुणाला, हे सावकाराच्या वहीत राहिलं. १८७५ साली सुप्याच्या बाजारात आणि मग पुणे-नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं काढून जाळली. दंगल म्हणून तिची नोंद झाली. माझ्या नजरेने ती दुसऱ्याच्या कब्जातल्या, आपल्याला न वाचता येणाऱ्या कागदावरची चीड होती. हक्कनोंदीचा कायदा मात्र यायला १९०३ उजाडलं. जमिनीत कुणाचा काय हक्क, हे गावाच्या दप्तरात लिहायला तेव्हा कायद्याने सुरुवात झाली.

पुढचं पटकन सांगतो. १९५१ च्या आसपास कुलकर्णी वतनं गेली आणि चावडीत पगारी तलाठी बसला. जमीन महसूल संहिता १९६६ ची, लागू झाली १५ ऑगस्ट १९६७ ला. १९७१ च्या नियमांनी आज ओळखीचा असलेला नमुना पक्का केला: वर गाव नमुना ७, म्हणजे अधिकार अभिलेख, खाली नमुना १२, म्हणजे पिकांची नोंद.

आमचं दप्तर म्हणजे कापडात बांधलेला बस्ता. एक ते एकवीस गाव नमुने, त्यात नमुना ६ ची फेरफार वही सगळ्यांत जड. खरेदी झाली की खरेदीदार इंडेक्स दोनची नक्कल घेऊन यायचा, मी फेरफार धरायचो, नमुना ९ च्या नोटिसा काढायचो, पंधरा दिवस हरकतीची वाट बघायची, आणि मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करायचे. कायदा असा स्वच्छ. पण खरेदीदार यायचाच नाही, किंवा तो यायचा तेव्हा मी तीन गावांपैकी दुसऱ्याच गावात. नोंद वर्ष वर्ष राहायची. एखाद्या सजात तर भाऊसाहेबांपेक्षा त्यांचा खाजगी मदतनीस, ज्याला तालुक्यात ‘झिरो तलाठी’ म्हणतात, तोच बस्त्याचा मालक असायचा. बस्ता कुणाकडे आहे यावर गावातली सत्ता ठरत होती, हे मी आतून बघितलंय.

केंद्र सरकारने १९८८-८९ मध्ये भूमी अभिलेख संगणकात घालायचा प्रयोग देशातल्या आठ जिल्ह्यांत मांडला. महाराष्ट्रातून वर्धा निवडला होता. त्यानंतर कितीतरी वर्षं संगणकीकरण म्हणजे टायपिंग, एवढाच अर्थ राहिला. जुन्या सातबाऱ्यावर खाडाखोड, कंसात घातलेली नावं, समासात तिरपं लिहिलेलं ‘इ. ह.’ म्हणजे इतर हक्क, आणे-पैमधले हिस्से. हे सगळं बसवणार कुठे? ऑपरेटरला जमलं तसं त्याने बसवलं. वही बघून भरलं आणि वहीशी मिळतं आहे एवढं तपासलं. वहीच चुकली असेल तर ते कोण बघणार?

एक उदाहरण देतो. माझ्या मंडळातल्या एका गटाचं एकूण क्षेत्र १ हेक्टर ६२ आर. खाली पाच खातेदार. त्यांच्या हिश्शांची बेरीज केली तर १ हेक्टर ६६ आर. चार आर जमीन हवेतली! हस्तलिखित उताऱ्यावर ती तशीच दोन पिढ्या चालत आली होती, कारण त्या पाच आकड्यांची बेरीज कुणी केलीच नव्हती. बँकेने कर्ज दिलं, वाटण्या झाल्या, मी स्वतः त्यावर सही केलेल्या नकला लोकांच्या कपाटात असतील. पुढे आलेल्या ऑनलाइन प्रणालीत मात्र असे न जुळणारे गट अहवालात वर यायचे, आणि मेळ बसल्याशिवाय त्या उताऱ्यावर डिजिटल सही होत नव्हती. शोध घेतला. त्या शेतातून ओढा जातो, त्याचा चार आर पोटखराब कुणीतरी पूर्वी एका भावाच्या हिश्शात लागवडीलायक म्हणून मिळवला होता. अशा दुरुस्त्यांचे ढीगच्या ढीग प्रस्ताव तहसीलमध्ये गेले. दिवसा सर्व्हर हलत नसे, म्हणून तलाठी मंडळी रात्री अकरानंतर लॅपटॉप उघडून बसायची. त्यांच्या बायकांनी या पोर्टलला काय काय नावं ठेवली, ती छापण्याजोगी नाहीत.

२०१७ साली खात्याने चावडी वाचन घेतलं. गाव जमवायचं आणि संगणकीकृत सातबारा मोठ्याने वाचायचा. जुनीच पद्धत, पण तिने जे सापडलं ते कुठल्याही तपासणीत सापडलं नसतं. मात्र चावडीवर येतो कोण? सुरतेला, ठाण्याला, पुण्याला पोटासाठी गेलेला भाऊ येत नाही, आणि नाव नेमकं त्याचंच गळालेलं असतं. पोर्टल उघडल्यावर त्यांचे फोन यायला लागले. ‘भाऊसाहेब, आज्याच्या वाटणीत आमचं नाव होतं, इथे दिसत नाही.’ पूर्वी हे त्याला वीस वर्षांनी, जमीन विकली गेल्यावर कळलं असतं. चावडी वाचन वर्षातून एकदाही होत नाही. पोर्टलवर ते रोज चालू असतं.

१ मे २०१८ ला डिजिटल सहीचे उतारे निघायला लागले. राज्यात सातबारे सुमारे अडीच कोटी. बिनसहीचा उतारा नुसता बघायला फुकट. सहीचा हवा तर पंधरा रुपये. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला की त्याची माहिती आता थेट तलाठ्याच्या संगणकावर येते, खरेदीदाराने हेलपाटे घालायची गरज राहिली नाही. कुठली नोंद किती दिवस कुणाकडे पडून आहे, हे प्रांतसाहेबांना बसल्या जागी दिसतं. आमच्या काळात ‘फाइल वर गेलीय’ एवढ्यावर महिने निघायचे. पीककर्जासाठी बँक तोच उतारा उघडून बघते. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी बांधावर उभा राहून फोटोसह आपलं पीक स्वतः नोंदवतो. आमची पीक पाहणी पुष्कळदा झाडाखाली बसून व्हायची, हे आता निवृत्त झाल्यावर सांगायला हरकत नाही.

आता दोन गोष्टी परखडपणे. सातबारा म्हणजे मालकीचा अंतिम पुरावा, असं पोर्टलमुळे लोकांना आणखीच वाटायला लागलंय. तसं नाही. संहितेच्या कलम १५७ प्रमाणे ती नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानायची, एवढंच. मालकीचा वाद दिवाणी कोर्टातच जातो. दुसरं म्हणजे नकाशा. उताऱ्यावर भावाभावांचे हिस्से वेगळे दिसतात, पण जागेवर पोटहिस्सा मोजलेला नसतो. पोर्टलवर मी माझे २० आर बघू शकतो, ते शेतात नेमके कुठे आहेत हे मात्र मोजणीशिवाय तो उतारा सांगत नाही. ते काम बाकी असेपर्यंत मी या प्रकाराला अर्धाच म्हणेन.

तेव्हा गावी जमीन असेल तर आजच महाभूलेख उघडा. तीन जागा बघा: सगळ्या खातेदारांच्या क्षेत्राची बेरीज एकूण क्षेत्राशी जुळते का, मयतांच्या जागी वारसांची नावं लागली आहेत का, आणि इतर हक्कात फेडलेल्या कर्जाचा बोजा अजून तसाच आहे का. लिहिण्यातली चूक असेल तर कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. वारस लावायचे असतील तर मृत्यूचा दाखला घेऊन तलाठ्याकडे जा, आणि त्याने नोंद धरल्यावर फेरफाराचा नंबर मागून घ्या.